पंढरपूर : स्थलनामाची व्युत्पत्ती

महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यात, भीमा नदीच्या उजव्या तीरावर वसलेले पंढरपूर हे विठ्ठलाचे मुख्य क्षेत्र व वारकरी संप्रदायाचे केंद्र आहे. भीमेचे पात्र येथे चंद्रकोरीसारखे वळलेले असल्यामुळे तिला या ठिकाणी चंद्रभागा म्हणतात. पंढरपूर, पंढरी, पांडुरंगपूर, पौंडरीकक्षेत्र अशी या गावाची अनेक नावे ग्रंथांत, अभिलेखांत व लोकव्यवहारात आढळतात. त्यांपैकी मूळचे नाव कोणते आणि ते कोणत्या भाषेतले, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासकांपुढे आहे. तो केवळ शब्दशास्त्राचा प्रश्न नाही. मूळ नाव कन्नड ठरल्यास हे दैवत कर्नाटकाचे, ते पुंडरीकापासून आले असल्यास भक्ताच्या नावावरून क्षेत्राची प्रसिद्धी, पांडुरंगापासून आले असल्यास आरंभीचे क्षेत्र शैव, असे निष्कर्ष एका शब्दाच्या आधारे काढले गेले आहेत. म्हणून या शब्दाचा पुरावा कोठपर्यंत नेता येतो व कोठे थांबतो, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

व्युत्पत्तीची पद्धती : शब्दाचा अर्थ लावणे आणि शब्दाचा इतिहास शोधणे या दोन भिन्न गोष्टी होत. अर्थ आजच्या रूपावरून सुचतो. इतिहास मात्र कालनिर्दिष्ट जुन्या रूपांवरून सिद्ध करावा लागतो. १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने प्रत्येक शब्दाची रूपे कालक्रमाने व अवतरणांसह मांडली आणि या पद्धतीचा भक्कम आदर्श घालून दिला. तिच्यामुळे अनेक रूढ समजुती चुकीच्या ठरल्या. गोड्या पाण्यातील एका कवचधारी प्राण्याला इंग्रजीत ‘क्रेफिश’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘क्रेव्हिस’ या शब्दापासून आलेला असून त्याचा ‘फिश’ म्हणजे मासा या शब्दाशी मुळात संबंध नाही. अपरिचित शब्दाचा शेवट परिचित शब्दासारखा भासल्यामुळे लोकांनी तो तसा वळवून घेतला. यास लोकव्युत्पत्ती म्हणतात.

याहून बोधप्रद उदाहरण ‘आयलंड’ (बेट) या शब्दाचे आहे. प्राचीन इंग्रजीत त्याच्या लेखनात ‘स’ हे अक्षर नव्हते. पुढे लॅटिनमधील ‘इन्सुला’पासून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’ या दुसऱ्या शब्दाशी त्याचे नाते आहे, अशा समजुतीने विद्वान लेखकांनी त्यात ते अक्षर घातले. त्याचा उच्चार होत नाही. लेखनात मात्र ते कायम राहिले. अर्थात शब्दाला चुकीचे मूळ चिकटविण्याचे काम केवळ अशिक्षित करतात असे नाही. पंडितही ते करतात. लोकव्युत्पत्ती आणि पंडितव्युत्पत्ती या दोन्ही प्रक्रिया पंढरपूरच्या नावात दिसून येतात.

खुद्द सोलापूर जिल्ह्याच्या नावातही याचे उदाहरण आहे. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धराम यांच्या काळात या गावाचे नाव सोन्नलिगे असे होते, हे अभिलेखांवरून व वीरशैव वाङ्मयावरून स्पष्ट झाल्यानंतर ती समजूत मागे पडली. सोळा या संख्येशी त्या नावाचा संबंध नसून मूळच्या कन्नड रूपाचा शेवट गळून त्या जागी ‘पूर’ हे पद आले, असे त्यावरून दिसते.

अभिलेखीय पुरावा : पंढरपूरच्या संदर्भात सर्वांत जुना मानला जाणारा उल्लेख राष्ट्रकूट घराण्याच्या एका प्राचीन शाखेतील अविधेय या राजाच्या ताम्रपटातील आहे. त्याचा काळ सु. ५१६ असा धरतात. त्यात पांडरंगपल्ली या गावाचे दान जयद्विट्ठ नावाच्या ब्राह्मणाला दिल्याचे नमूद आहे. ही पांडरंगपल्ली म्हणजेच आजचे पंढरपूर, असे अनेक संशोधक मानतात. ‘पल्ली’ म्हणजे वस्ती वा खेडे. हा शब्द संस्कृत लेखांत सर्रास येत असला, तरी तमिळ ‘पळ्ळि’ व कन्नड ‘हळ्ळि’ या शब्दांशी त्याचे नाते आहे. तेव्हा या नावाच्या उपलब्ध असलेल्या पहिल्याच रूपात संस्कृत व द्राविड शब्दसंपत्ती एकत्र आलेली दिसते.

यानंतर अनेक शतके पुरावा विरळ आहे. शके ११११ (११८९) मधील एका मराठी शिलालेखावरून यादव राजा भिल्लम याच्या काळात येथे विठ्ठलाचे लहानसे देऊळ होते, असे दिसते. तेराव्या शतकात मात्र कालनिर्दिष्ट उल्लेखांची एक सलग मालिकाच मिळते. देवळातील एका तुळईवर शके ११५९ (१२३७) मधील लेख असून त्याची भाषा संस्कृत व कन्नड आहे. होयसळ राजा वीर सोमेश्वर याने विठ्ठलाच्या पूजोपचारांसाठी एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. भीमरथीच्या (भीमेच्या) तीरावरील या गावाला त्यात ‘पंडरगे’ म्हटले असून पुंडरीक मुनीचाही उल्लेख केला आहे. बेळगाव जिल्ह्यात सापडलेल्या, यादव राजा कृष्ण याच्या काळातील शके ११७१ (१२४९) च्या ताम्रपटात भीमरथीच्या तीरावरील ‘पौंडरीकक्षेत्र’ येते. शके ११९२ (१२७०) च्या शिलालेखात केशवपुत्र भानू याने ‘पांडुरंगपुर’ येथे आप्तोर्याम नावाचा यज्ञ केल्याचे म्हटले आहे. शके ११९५ ते ११९९ (१२७३–७७) या काळातील, रामचंद्रदेव यादवाच्या कारकीर्दीतील सुप्रसिद्ध ‘चौऱ्याऐंशीच्या लेखा’त देवळाला मिळालेल्या देणग्यांची नोंद असून त्यात ‘पांडरीफड’ असा शब्दप्रयोग येतो.

या चार नोंदी एकत्र ठेवल्या असता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. अवघ्या चाळीस वर्षांत एकाच गावाला चार प्रकारे संबोधिले आहे : कन्नड वळणाने पंडरगे, मराठी वळणाने पांडरी, आणि संस्कृतात पौंडरीकक्षेत्र व पांडुरंगपुर. ही एकामागून एक बदलत गेलेली रूपे नव्हेत, तर एकाच वेळी निरनिराळ्या भाषांत व निरनिराळ्या प्रसंगी वापरात असलेली रूपे आहेत. होयसळ राजाच्या दानलेखात एक रूप येते, यज्ञकर्त्याच्या प्रशस्तीत दुसरे आणि देवळाच्या देणग्यांच्या नोंदीत तिसरे. म्हणून यांपैकी कोणत्याही एका रूपावर बोट ठेवून त्या काळचे ‘खरे’ नाव हेच, असे म्हणता येत नाही.

निरनिराळी मते : रा. गो. भांडारकर यांनी वैष्णव व शैव पंथांवरील आपल्या १९१३ मधील ग्रंथात या प्रश्नाची चिकित्सा केली. पांडुरंग हे ‘पंडरगे’ या गावाच्या मूळ नावाचे संस्कृतीकरण असावे, असे त्यांनी सुचविले. ‘आयलंड’ या शब्दाचे जे झाले, तेच येथे झाले असे या मतानुसार म्हणता येईल : देशी नावाचा अर्थ लागेना, तेव्हा ध्वनिसाम्य असलेला अर्थपूर्ण संस्कृत शब्द त्याच्या जागी बसविला गेला. ‘गे’ हा शेवट कन्नड प्रदेशातील ग्रामनामांत नेहमीचा आहे. उपर्युक्त सोन्नलिगे हे नाव त्याच वळणाचे आहे. ‘सोन्नलिगे’चे सोलापूर व ‘पंडरगे’चे पंढरपूर ही दोन शेजारी गावांची नावे एकाच पद्धतीने बदललेली दिसतात, ही या मताला पोषक अशी बाब आहे.

तथापि अविधेयाचा ताम्रपट प्रकाशात आला तो भांडारकरांच्या उपर्युक्त ग्रंथानंतर. त्यातील पांडरंगपल्ली हे रूप ‘पंडरगे’ या रूपाहून सु. सातशे वर्षांनी जुने आहे. त्यामुळे नावाचा प्रवास उलट दिशेनेही झालेला असू शकतो; म्हणजे मूळच्या ‘पांडरंग’ या शब्दाचे कन्नड भाषकांच्या तोंडी ‘पंडरगे’ झाले असणेही शक्य आहे. पांडुरंग हे रूप तेराव्या शतकात पंडितांनी नव्याने घडविले, हा तर्क या पुराव्यामुळे दुर्बल होतो; मात्र ‘पांडरंग’ हा शब्द आरंभी कशाचा वाचक होता, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘पांडरंग’ शब्दाचा संचार : पांडुर वा पांडर म्हणजे पांढरट, फिकट. पांडुरंग म्हणजे गौरवर्णाचा. हा अर्थ भस्मचर्चित शिवाला शोभतो. पंढरपूरची विठ्ठलमूर्ती मात्र काळ्या पाषाणाची आहे आणि संतांनीही तिला सावळी म्हटले आहे. ही विसंगती भांडारकरांनी हेरली. बाराव्या शतकातील जैन पंडित हेमचंद्र याच्या देशीनाममाला या कोशात हा शब्द रुद्रवाचक म्हणून दिला आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पाली वाङ्मयात ‘पंडरंग’ नावाच्या परिव्राजकांचा निर्देश येतो. तमिळ महाकाव्य शिलप्पदिकारम्‌ यात वर्णिलेल्या नृत्यप्रकारांत शिवाच्या एका नृत्याचे नाव ‘पांडरंगम्‌’ असे आहे. भारताबाहेर, आजच्या व्हिएटनामच्या दक्षिण किनाऱ्यावर, चंपा राज्याच्या एका विभागाचे नाव पांडुरंग असे होते. तो प्रदेश प्रामुख्याने शिवोपासक होता आणि तेथील फान रांग या शहराच्या नावात तो शब्द अद्याप टिकून आहे. चंपा व पंढरपूर यांचा प्रत्यक्ष संबंध यावरून सिद्ध होत नाही. परंतु हा शब्द एका गावापुरता मर्यादित नसून शैव परंपरेबरोबर दूरवर पसरलेला होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

पंढरपुरातील काही स्थानिक प्रथाही या संदर्भात विचारात घेतल्या जातात. नदीच्या वाळवंटातील पुंडलिकाच्या देवळात शिवलिंग आहे. विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग असल्याची श्रद्धा संतपरंपरेत दृढ आहे. या गोष्टींवरून विठ्ठलापूर्वी येथे शिवोपासना होती, असे अनुमान काही संशोधक करतात. हे अनुमान शब्दाच्या अर्थाशी जुळते. पण ते केवळ शब्दावर उभे करता येत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

पुंडलिक व पौंडरीकक्षेत्र : आईवडिलांच्या सेवेत मग्न असलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला उभे राहण्यासाठी वीट फेकली, ही कथा सर्वपरिचित आहे. पुंडरीक म्हणजे पांढरे कमळ. पौंडरीकक्षेत्र हे नाव या भक्ताच्या नावावरून साधले आहे. सोमेश्वराच्या लेखात पंडरगे व पुंडरीक ही दोन्ही नावे येत असल्याने १२३७ पूर्वीच ही कथा गावाशी निगडित झाली होती, हे उघड आहे. पुंडरीकापासून ‘पंडरगे’ हे रूप ध्वनिनियमांनी सिद्ध करणे मात्र अवघड आहे. गावाच्या नावावरून भक्ताचे नाव आले, की स्वतंत्र असलेली दोन नावे ध्वनिसाम्यामुळे जवळ आली, याविषयी एकमत नाही.

‘पांढरी’शी संबंध : मराठीत गावाच्या वस्तीच्या जागेला पांढर वा पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात. दीर्घकाळच्या वस्तीमुळे गावठाणाची माती राखट, पांढुरकी होते, त्यावरून हे नाव पडले. ‘पांढरा’ हा शब्दही प्राकृतमार्गे संस्कृत पांडर–पांडुर यांच्याशी जोडला जातो. म्हणजे ‘ड’च्या जागी ‘ढ’ येण्याचा जो बदल ‘पंडरगे’पासून पंढरपूर हे रूप होताना दिसतो, तोच ‘पांढरा’ या शब्दातही झालेला आहे. तेव्हा पंढरपूरच्या नावातील महाप्राण वर्ण मराठीच्या स्वभावास धरूनच आहे. पांढरी हा रोजच्या वापरातला शब्द असल्याने पंढरी हे नाव मराठी भाषकांना आपलेच वाटले असल्यास नवल नाही. मात्र पंढरपूर म्हणजे पांढऱ्या मातीचे गाव, असा अर्थ या साम्यावरून सिद्ध होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या कागदपत्रांत हे नाव वारंवार येऊ लागले; १८१५ मध्ये येथे झालेल्या गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनामुळे ते कंपनी सरकारच्या पत्रव्यवहारात विशेष गाजले. इंग्रजीत ‘ढ’ हा वर्ण नसल्याने ते ‘पंडरपूर’ असे उच्चारले जाईल अशा तऱ्हेनेही लिहिलेले आढळते. हे रूप योगायोगाने यादवकालीन रूपांच्या जवळ जाते. परंतु ती जुनी परंपरा नसून परक्या कानाने केलेला बदल आहे. केवळ रूपसाम्यावरून प्राचीनत्व ठरविणे किती धोक्याचे आहे, याचे हे एक लहानसे उदाहरण होय.

विठ्ठल नामाची व्युत्पत्ती : देवतानामाच्या बाबतीतही असेच मतभेद आहेत. संस्कृत विष्णू या नावाचे कन्नडमध्ये बिट्टि असे रूप होते. होयसळ राजा विष्णुवर्धन याला बिट्टिदेव म्हणत. यावरून विष्णू–विट्टु–विठ्ठल अशी परंपरा भांडारकरांनी सुचविली व ती बऱ्याच अभ्यासकांना मान्य झाली. वि. का. राजवाडे यांनी ‘विष्ठल’ म्हणजे दूर रानातील जागा, या संस्कृत शब्दाशी हे नाव जोडले. धर्मसिंधू या ग्रंथाचे कर्ते व पंढरपूरनिवासी काशीनाथ उपाध्ये यांनी आपल्या भाष्यात त्याची फोड, अज्ञ जनांना ज्ञानाने आपलेसे करणारा, अशी केली. विटेवर उभा तो विठ्ठल, ही फोड सर्वसामान्य भाविकांत रूढ आहे. यांपैकी शेवटच्या दोन फोडींत भाषेच्या इतिहासापेक्षा उपासकाची धारणा व्यक्त होते. त्या ऐतिहासिक पुरावा म्हणून ग्राह्य नसल्या, तरी निरनिराळ्या काळांत देवाकडे कसे पाहिले गेले, याची साक्ष म्हणून त्यांचे मूल्य आहे. रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठल : एक महासमन्वय (१९८४) या ग्रंथात नामाच्या चर्चेला गवळी–धनगरांच्या दैवतपरंपरेची जोड दिली आणि केवळ शब्दावर विसंबून न राहता लोकधर्म, स्थलपुराणे व मूर्तिविज्ञान यांचाही विचार केला.

कन्नड–मराठी सहवास : पंढरपूरचा परिसर हा दोन भाषांच्या सहवासाचा प्रदेश आहे. जवळचे मंगळवेढे हे कलचुरींचे ठाणे होते व तेथील राजव्यवहारात कन्नडला स्थान होते. याच जिल्ह्यात भीमा–सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथे शके ९४० (१०१८) मधील मराठी लेख सापडला असून मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. चौऱ्याऐंशीच्या लेखातही मराठीबरोबर संस्कृत व कन्नड मजकूर आहे. संतांनी विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले. या शब्दाचे कर्नाटकाचा आणि आकलनास कठीण असे दोन्ही अर्थ होतात. पुढे पुरंदरदासांसह कर्नाटकातील हरिदासांनी याच विठ्ठलाच्या नावाने पदरचना केली. आधुनिक भाषिक सीमांच्या वादात यादवकालीन स्थलनामांचा पुरावा दोन्ही बाजूंनी पुढे केला जातो. परंतु ज्यांनी ते लेख कोरविले त्यांना एकाच देवळात दोन-तीन भाषा वापरण्यात विसंगती वाटली नव्हती. ‘पंडरगे’ हे रूप कन्नड आहे म्हणून गाव मराठी नव्हते, किंवा ‘पांडरी’ हे रूप मराठी आहे म्हणून तेथे कन्नड नव्हती, असे कोणतेही अनुमान त्यांतून निघत नाही.

पुराव्याची जपणूक : चौऱ्याऐंशीच्या लेखाची हकिकत या विषयात विशेष उद्‌बोधक आहे. चौऱ्याऐंशी या संख्येवरून या शिळेला पाठ घासली असता चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत भाविकांत रूढ झाली. पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलेल्या या घर्षणामुळे लेखाची अक्षरे पुष्कळशी झिजली. ज्या शिळेवर देवळाच्या तेराव्या शतकातील दात्यांची नावे व त्या काळची मराठी कोरलेली होती, ती एका शब्दाच्या नव्या अर्थामुळे पुसट होत गेली. ग. ह. खरे यांनी श्रीविठ्ठल आणि पंढरपूर (१९३८) या पुस्तकात आणि शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेख (१९६३) या संग्रहात अशा लेखांची वाचने चिकित्सापूर्वक प्रसिद्ध केली. त्यामुळे हा पुरावा अभ्यासकांना उपलब्ध राहिला.

सारांश, पंढरपूर हे नाव अमुक एका शब्दापासून आले, असे निर्णायकपणे म्हणण्याइतका पुरावा आज नाही. सु. ५१६ मध्ये पांडरंगपल्ली हे रूप आढळते. तेराव्या शतकात पंडरगे, पौंडरीकक्षेत्र, पांडुरंगपुर व पांडरी ही रूपे एकाच पिढीत शेजारीशेजारी नांदताना दिसतात. आणि त्यांतील मराठी रूपाला ‘पूर’ हे पद जोडून आजचे नाव स्थिर झाले. या नावाचा इतिहास म्हणजे एका भाषेने दुसरीवर मात केल्याचा इतिहास नसून संस्कृत, कन्नड व मराठी बोलणाऱ्यांनी एकाच गावाला आपापल्या भाषेत सामावून घेतल्याचा इतिहास आहे.